आल्माच्या वतीने

रोज सकाळी साडेसातला शाझिया कपाटातून दोन स्वेटर काढायची, एकेका हातात एकेक धरायची आणि विचारायची, "फ्रीडा, आज कोणता? निळा की राखाडी?"

"कोणताही."

"कोणताही नावाचा स्वेटर नाहीये तुमच्याकडे."

"मग तुला आवडेल तो."

"मला आवडून काय उपयोग? घालायचा तुम्हाला आहे." एवढं बोलून शाझिया तशीच उभी राहायची. म्हाताऱ्या माणसांच्या त्या होमचा नियमच होता तो. निवड ज्याची त्याने करायची, बाकीच्यांनी घाई करायची नाही. शेवटी फ्रीडा हारग्रीव्ह्ज हनुवटीने कुठल्यातरी बाजूला खूण करायची आणि त्या बाजूचा स्वेटर अंगात जायचा. बटणंही तिची तिनेच लावायची, कारण हाताला जे जमतं ते करू द्यायचं, हा दुसरा नियम. सहा बटणांना अकरा मिनिटं लागायची. तेवढा वेळ शाझिया हात पाठीमागे बांधून खिडकीबाहेर बघत राहायची. दुसरी कोणी असती तर तिसऱ्या बटणालाच पुढे झाली असती.

होममधली माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं झालं असतं, निदान चिडता तरी आलं असतं. इथे सगळं विचारून व्हायचं. चहा की कॉफी, दार उघडं की बंद, अंघोळ सकाळी की संध्याकाळी, मासा वाफवलेला की तळलेला. दिवसभरात चाळीस प्रश्न तरी यायचे, आणि त्यातल्या एकाचंही उत्तर फ्रीडाला ठाऊक नसायचं.

नवरा गेला, विल्फ, तेव्हा ती रडली नव्हती. नंतर येईल रडू, असं सगळे म्हणाले, म्हणून तिने काही महिने वाट बघितली. आलं नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो आणि अर्धा गाल आपला राहत नाही, तसं तिचं आतून झालं होतं, आणि उतरायचं नाव नव्हतं. मग ती जिन्यावरून दोनदा पडली, घर गेलं, होममध्ये खोली मिळाली. कशाचंच काही वाटलं नाही.

आली त्या दिवशी मॅनेजर बर्नाडेट चार पानी फॉर्म घेऊन तिच्यासमोर बसली. "तुम्हाला काय म्हणून हाक मारलेली आवडेल?"

"काहीही चालेल," फ्रीडा म्हणाली.

खरं तर नवरा आणि कापडाच्या मिलमधल्या बायका सोडल्या तर उभ्या गावाने तिला मिसेस हारग्रीव्ह्जच म्हटलं होतं. पण इंग्लंडच्या लँकशरमधल्या त्या गावात 'मला हे हवं' असं तोंडावर म्हणणं म्हणजे जेवणाच्या टेबलावर बूट ठेवण्याइतकं वाईट. पुढ्यातलं संपवायचं आणि कोणी विचारलं तर मजेत आहे म्हणायचं, अशी त्यांची वाढ. बर्नाडेट त्याच गावची, तिला हे कळायला हवं होतं. पण ती प्रशिक्षणं घेऊन घेऊन शहाणी झाली होती. तिने उत्तरं जशीच्या तशी उतरवून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी फ्रीडाच्या दारावर प्लास्टिकच्या कव्हरात कागद लागला: 'फ्रीडाला सगळं चालतं.'

असे आठ महिने गेले. मग मार्चमध्ये आल्मा आली.

आल्मा व्हिटम आणि फ्रीडा यांनी तरुणपणी तेरा वर्षं शेजारशेजारच्या मागांवर काढली होती. मैत्रिणी म्हणाव्यात अशा त्या नव्हत्या. आल्मा फटकळ, फ्रीडा अबोल. एकीच्या लग्नाला दुसरी गेली होती, बस एवढंच. पण पुलाजवळच्या त्या शेडमध्ये आठशे माग एकदम चालायचे. तिथे आपण ओरडलेलं आपल्यालाच ऐकू येत नसे. म्हणून सगळ्या विणकर बायका आवाजाशिवाय बोलायच्या. ओठ ताणून, जबडा हलवून, भुवया नाचवून, चार रांगा पलीकडच्या बाईला वाचता येईल असं. याला त्या मी-मॉ म्हणत. सासूची गाऱ्हाणी, कोणाला दिवस गेलेत, मुकादम कोणाच्या मागे लागलाय, सगळं त्या खडखडाटात बिनबोभाट चालायचं. ज्या बाईला काही चोरून बोलायचं असेल ती भिंतीकडे तोंड करायची, कारण उघड्यावर बोललेलं अख्ख्या शेडला कळायचं.

त्या मागांनी आल्माचे कान पन्नाशीतच घेतले. आता पक्षाघाताच्या झटक्याने उजवा हात आणि आवाजही गेला. डोकं जागेवर होतं, पण ते बाहेरच्याला कळणार कसं? बहिऱ्या माणसाची खोड तिला होती. समोरचा काय बोलला ते समजलं नाही की हसून मान हलवायची. पोट साफ व्हायला देतात ते सुके आलुबुखार आवडतात का, विचारलं. तिने मान हलवली. बिंगो खेळणार का? मान हलवली. फासावर चढणार का विचारलं असतं तरी हलवली असती. अक्षरांचा तक्ता आणून पुढे ठेवला, तो तिने डाव्या हाताने टेबलावरून खाली ढकलला. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या बाईला ऐंशीव्या वर्षी कोणी स्पेलिंग विचारलेलं नको होतं. बर्नाडेटने लिहिलं: 'आल्माला आलुबुखार आवडतात. समज कितपत आहे, सांगता येत नाही.'

चौथ्या दिवशी नाश्त्याला फ्रीडा तिच्यासमोर बसली होती. आल्माने आलुबुखारांच्या वाटीकडे बघितलं, मग फ्रीडाकडे, आणि तिचे ओठ हलले. डावी बाजू नीट, उजवी जरा मागे रेंगाळत.

"यांना सांग गं कोणीतरी, माझं पोट साफ आहे म्हणून."

पन्नास वर्षांत फ्रीडाने मी-मॉ केलं नव्हतं. पण तिचा जबडा आपसूक उघडला. "किती दिवस खातेयस?"

"तीन. आता शिंकायचीही भीती वाटते."

फ्रीडा हसली. चांगली आवाज करून हसली, आणि त्या आवाजाने तिची तीच दचकली.

शाझियाचे आजोबा त्याच मिलमध्ये कामाला होते, त्यामुळे मी-मॉ म्हणजे काय ते तिने घरी ऐकलं होतं. दोन म्हाताऱ्या टेबलाच्या दोन बाजूंना बसून माशासारखी तोंडं करतायत, हे बघून तिला काय ते कळलं. ती धावत बर्नाडेटला घेऊन आली. आलुबुखार बंद झाले. मग पुढे बिंगो बंद झालं, अंघोळ संध्याकाळची झाली, खिडकीजवळची खुर्ची मिळाली. आल्मा ओठांनी सांगायची आणि फ्रीडा आवाजाने. बर्नाडेटला तर काय करू आणि काय नको असं झालं. आल्माच्या दारावरचा कागद बदलला: 'आल्माशी बोलायचं असेल तर फ्रीडाला बोलवा.' आल्माच्या मर्जीचा सगळा कारभार असा एकट्या फ्रीडाकडे आला. यात काही चुकतंय असं कोणालाच वाटलं नाही, फ्रीडालाही नाही.

रोज दहा ते बारा त्या दोघी समोरासमोर बसायच्या. टीव्ही कितीही मोठ्याने लागलेला असला तरी त्यांचं काही अडायचं नाही. पाद्रीचा टोप, बर्नाडेटच्या चपला, पलीकडच्या म्हाताऱ्याची कवळी, कोणालाही आल्मा सोडायची नाही. बाकीचा दिवस फ्रीडाला पूर्वीसारखाच जायचा, न चावता गिळल्यासारखा. पण ते दोन तास तिला बरं वाटायचं. ते गेले तर काय, हा विचार ती करत नसे.

ऑक्टोबरमध्ये आल्माच्या मुलाचं पत्र आलं. ग्रॅहम इप्सविचला राहायचा, गाडीने पाच तासांवर, आणि महिन्यातून एका रविवारी यायचा. त्याच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या एका होममध्ये जागा झाली होती. आईला तिकडे न्यावं म्हणतो, असं त्याने लिहिलं होतं.

"आल्माला विचारल्याशिवाय तिला इथून कोणी हलवणार नाही," बर्नाडेट म्हणाली. "सगळा जन्म या गावात गेलाय तिचा." मग फ्रीडाच्या खांद्यावर हात ठेवून, "तुम्ही आहात म्हणून बरं."

पुढच्या मंगळवारी छोट्या खोलीत बैठक बसली. पाहुण्यांसाठीची बिस्किटं निघाली. कौन्सिलकडून एक तरुण सोशल वर्कर आला होता, त्याला छातीपर्यंत दाढी. आल्माने त्याच्याकडे निरखून बघितलं आणि फ्रीडाला विचारलं, "याचं तोंड कुठाय?"

ग्रॅहम साठीचा गडी, पण मांड्यांवर हात ठेवून हेडमास्तरांच्या खोलीत बसल्यासारखा बसला होता. आईने स्वतःच ठरवायचं, मुलाने मधे पडायचं नाही, असं त्याला आधीच समजावलेलं होतं.

"आल्माला विचारा, तिला कुठे राहायला आवडेल," सोशल वर्कर फ्रीडाला म्हणाला. "काही घाई नाही."

फ्रीडाने विचारलं. आल्माचं उत्तर लगेच आलं.

"जाते म्हणावं. गाडी आणली असेल तर आत्ताच."

"नीट विचार कर," फ्रीडाचे ओठ म्हणाले. "तिथे ओळखीचं कोणी नाही."

"इथे तरी कोण आहे गं? माझी सगळी माणसं वर टेकडीवर मातीत आडवी झालीयत. हा एक मुलगा तेवढा उभा आहे. त्याच्या लेकीला बाळ झालंय, ते बघायचंय मला. सांग त्याला, जाते म्हणून."

इथे तरी कोण आहे. आल्मा हे टोचून बोलली नव्हती. ती बोलायचीच तशी. फ्रीडाने तिच्या ओठांकडे आणखी थोडा वेळ बघितलं, काही उरलंय का म्हणून. काही उरलं नव्हतं.

मग फ्रीडाने खुर्ची सोशल वर्करकडे वळवली, आल्माकडे पाठ होईल इतकी, आणि म्हणाली, "ती म्हणते, इथेच राहते."

"नक्की?"

"जन्म इथे गेला म्हणते. आता हलवू नका."

सगळ्यांनी आल्माकडे पाहिलं. सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर आल्माने नेहमीसारखी हसून मान हलवली.

"बरं," ग्रॅहम म्हणाला. "तिची मर्जी." तो उठला, आईवर वाकला, तिच्या केसांवर ओठ टेकले आणि केसांतच म्हणाला, "रागावू नकोस हं. मी आपलं विचारून बघितलं." केसांत बोललेलं आल्माला कुठून कळणार! तो सरळ झाला तेव्हा तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग तिचं हसू हळूहळू गेलं. ते कोणी बघितलं नाही. बर्नाडेट डोळे पुसत होती आणि सोशल वर्कर लिहीत होता.

फ्रीडाने स्वतःला तपासून बघितलं. लाज वाटायला हवी होती. तिने आत कुठे आहे का म्हणून शोधली, सापडली नाही. तेव्हा तिने एक बिस्किट घेतलं, चहात बुडवलं आणि खाल्लं.

संध्याकाळी आल्माने विचारलं, "निघायचं कधी?"

"कागदपत्रं असतात."

दुसऱ्या दिवशी, "किती कागद?"

"कौन्सिलचं काम ते. तुला माहीत नाही का?"

तिसऱ्या दिवशी आल्माने तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि काही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी नाश्ता झाल्यावर आल्माने शाझियाला कपाटाकडे बोट दाखवलं. आतला तपकिरी कोट काढायला लावला, चर्चला जायचा. टोपी काढायला लावली. हँडबॅग मांडीवर घेतली आणि पुढच्या दाराकडे बोट केलं. शाझियाने तिला चाकाच्या खुर्चीतून दारापाशी नेलं. जेवायची वेळ झाली तरी आल्माने कोट काढला नाही, ताट तिथेच न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

होम कौतुकाने कामाला लागलं. चाकाच्या खुर्चीत अवघडायला होईल म्हणून दारापाशी गादीची खुर्ची आली, चहाचा कप ठेवायला छोटं टेबल आलं, त्यावर जांभळ्या फुलांची कुंडी आली. आल्माच्या दारावरच्या कागदात भर पडली: 'आल्माला कोट घालून दारापाशी बसायला आवडतं.' येणाऱ्याजाणाऱ्याला बर्नाडेट सांगायची, "दुसऱ्या ठिकाणी तिला कोट काढून आत नेऊन बसवलं असतं. आम्ही तिला हवं तिथे बसू देतो." आणि ते खोटं नव्हतं.

दहा ते बारा फ्रीडा आपल्या जागेवर बसायची. समोरची खुर्ची रिकामी. उघड्या दारातून लांबवर तिला आल्माची पाठ दिसायची, कोटाची कॉलर आणि टोपी. पाठीशी मी-मॉ करता येत नाही. ज्याच्यासाठी ती खोटं बोलली होती तेच हातचं गेलं होतं. हे तिला दिसत होतं, पण दुखत नव्हतं. ती टीव्ही बघायची. टीव्हीवर कोणीतरी कोणाचं तरी घर रंगवत असायचं.

ग्रॅहमचा रविवार आला आणि ग्रॅहम आला नाही. सोमवारी शाझिया फ्रीडाजवळ येऊन बसली.

"काल त्याचा फोन होता. आई माझ्यावर रागावलीय का, विचारत होता. मी म्हटलं, नाही हो, मजेत आहे, दारात बसून माणसं बघते. तर रडायलाच लागला. एवढा मोठा बाप्या."

फ्रीडा टीव्हीकडे बघत राहिली.

"फ्रीडा, ती कशाची वाट बघते?"

"मला काय माहीत."

"मग विचारा ना. तुमच्याशीच बोलते ती."

"बसायचं असेल तिला. बसू दे की."

शाझियाने तिच्याकडे पाहिलं. तिला काहीतरी विचारायचं होतं, पण माणसाला बोलायला भाग पाडायचं नाही हाही एक नियम होता, आणि ती नियमाने वागणारी मुलगी होती. ती उठून गेली.

आल्मा दारापाशी बसायला लागल्याला अकरा दिवस झाले त्या सकाळी बाहेर वारा सुटला होता. शाझिया पुन्हा आली. "दाराच्या फटीतून गार येतंय. आल्माला पायांवर शाल हवी का, तेवढं विचारा. हवी असेल तर लाल की हिरवी."

एवढं विचारायला कोणाचं काय जातं? फ्रीडा वॉकर घेऊन निघाली. दारापर्यंत पोचून तिने आल्माच्या खुर्चीला वळसा घातला आणि दार पाठीशी घेऊन तिच्यासमोर उभी राहिली.

आल्माने तिला बघितलं आणि डोळे मिटले.

तुमच्याआमच्यासारख्यांना कान मिटता येत नाहीत. आल्माला यायचे. डोळे मिटले की संपलं, मग समोर कोणी कितीही तोंड हलवो. फ्रीडा उभी राहिली. खांद्याला हात लावून डोळे उघडायला लावता आले असते, पण हात उचलवेना. शाझियाने मागून खुर्ची आणली, ती फ्रीडाने नको म्हणून सांगितली. भेटायला आलेलं एक कुटुंब दोघींना वळसा घालून आत गेलं.

इतक्या जवळून फ्रीडाने तिला अकरा दिवसांत पाहिलं नव्हतं. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती. ओठांना लिपस्टिक होती, डाव्या हाताने लावलेली, एका बाजूला हनुवटीपर्यंत ओघळ गेलेला. रोज सकाळी ही बाई एका हाताने ही सगळी तयारी करत होती, आणि जी गाडी यायची ती फ्रीडाने कधीच परत पाठवली होती. दाराच्या फटीतून वारा घोट्यांना लागत होता. आणि तिथे, उभ्या जागी, फ्रीडाला लाज वाटली. अशी वाटली की तिने वॉकर घट्ट धरला. विल्फ गेल्यापासून तिला पहिल्यांदाच काहीतरी दुखत होतं, आणि ते तिचं स्वतःचं करणं होतं.

आल्माने डोळे उघडले.

"मी त्यांना सांगितलंच नाही," फ्रीडाचे ओठ म्हणाले. "तू इथेच राहतेस, असं सांगितलं."

"माहितेय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. मला ऐकू येत नाही गं, दिसतं चांगलं. आई येतेय म्हटल्यावर पोराचं असं तोंड होतं होय?"

"मग बोलली का नाहीस?"

आल्मा म्हणाली, एकेक शब्द मोठा करून, शेडच्या पार टोकाला पोचवायचा असल्यासारखा, "कोणाशी बोलू? तुझ्याशिवाय मला वाचतंय कोण? शेवटी कोट घालून दारात बसले. म्हटलं, एवढं तरी कळेल. तर मला कुंडी आणून दिली."

फ्रीडाने कुंडीकडे बघितलं. कोणीतरी नुकतंच पाणी घातलं होतं.

"मी एकटी पडले असते," ती म्हणाली.

"हो. पडशीलच."

आल्माने याहून जास्त काही दिलं नाही. फ्रीडाने वाट बघितली, पण आल्मा समजूत घालणाऱ्यातली नव्हती, आणि का घालावी तिने?

"आता आवाजाने सांग," आल्मा म्हणाली. "आणि माझ्याकडे तोंड करून."

फ्रीडाने शाझियाला हाक मारली. "बर्नाडेटला बोलव. आणि ग्रॅहमला फोन लाव." तिचा आवाज एवढा चढला की आतल्या दोघातिघांनी टीव्हीवरून माना वळवल्या.

बर्नाडेट पेन हातात घेऊनच आली. फ्रीडाने आल्माकडे बघत सगळं सांगितलं. बर्नाडेटच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"फ्रीडा, तिचा विचार आता बदलला असेल," ती म्हणाली. "माणसाचा बदलतो, त्यात काही नाही. त्या दिवशीचं तर सह्यांनिशी लिहिलेलं आहे."

"तिचा विचार पहिल्यापासून एकच होता. मी खोटं सांगितलं."

"पण का? तुम्ही? तुम्हाला तर..."

"मला ती इथे हवी होती."

बर्नाडेटने आल्माकडे पाहिलं. कोट, टोपी, मांडीवरची बॅग. मग टेबल, मग कुंडी. कोणी सांगितलं नसतानाही तिला ते आत्ता वाचता आलं. तिने पेन खिशात ठेवलं आणि तिच्या तोंडून नुसतं "अरे देवा" एवढंच निघालं.

शाझियाने फोन लावून फ्रीडाच्या हातात दिला. सकाळचे अकरा वाजले होते, ग्रॅहम कामावर असणार. पण त्याने पहिल्याच घंटीला उचलला. होमचा नंबर दिसला की म्हाताऱ्या माणसांची मुलं पहिल्या घंटीलाच उचलतात.

"ग्रॅहम, मी फ्रीडा हारग्रीव्ह्ज. घाबरू नको, आई बरी आहे. समोर बसलीय माझ्या. ती बोलतेय ते मी सांगते."

आल्माचे ओठ हलायला लागले.

"म्हणते, त्या दिवशी मी जाते म्हटलं होतं. या बाईने उलटं सांगितलं."

आल्माचे ओठ थांबले नाहीत.

"म्हणते, शनिवारी ये. मोठी गाडी आण, शिवणाची पेटी मी इथे ठेवून येणार नाही. म्हणते, बाळाला आत्ताच कोणाकडे सांभाळायला देऊ नका, मला आधी बघू दे."

"फ्रीडा," ग्रॅहम म्हणाला, "ती रागावलेली नाही ना माझ्यावर?"

फ्रीडाने विचारलं. आल्माने भुवया वर केल्या.

"म्हणते, तू मूर्ख आहेस. लहानपणापासून आहेस म्हणते."

ग्रॅहमच्या घशातून काहीतरी आवाज निघाला. हसला की रडला, ते फोनवर कळायला मार्ग नव्हता. शाझियाने आल्माच्या कोटाचं वरचं बटण सैल करायला हात पुढे केला, मग थांबली आणि तिच्याकडे बघितलं. आल्माने मान हलवली, नाही म्हणून. बटण तसंच राहिलं.

मग आल्माचे ओठ पुन्हा हलले, सावकाश, एकही अक्षर निसटू नये असे.

"आणि त्याला सांग, तिकडे गेल्यावर माझ्यासाठी दोघांतिघांना हे शिकायला लाव. मला एकाच माणसाच्या हवाली करू नको. इथे फ्रीडावर भरवसा टाकला, तो पुरे झाला."

फ्रीडाने फोन तोंडाशी धरला आणि आल्माकडे बघत ते सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. शेवटच्या वाक्याला तिचा आवाज इतका बारीक झाला की ग्रॅहमने विचारलं, "काय? नीट ऐकू नाही आलं." तेव्हा ते वाक्य तिने पुन्हा एकदा, मोठ्याने, सांगितलं.